शिक्का पुसट उमटतोय? आधी ठसा वाचा (रबरी शिक्क्यांची निगा आणि दुरुस्ती)

शाईदौत

शिक्का नीट उमटेनासा झाला की बहुतेक कार्यालयांत दोनच उपाय होतात. पॅडवर शाई ओतायची, नाहीतर नवा शिक्का करून आणायचा. पहिल्याने बिघाड वाढतो आणि दुसऱ्याची बऱ्याचदा गरजच नसते. रबर खराब होणं हे अगदी शेवटचं कारण. त्याआधी शाई, स्पंज, पॅड, दाब आणि खालचं टेबल यांतच दोष सापडतो. म्हणून हा धागा. ज्यांना दुरुस्ती येते त्यांनी भर घालावी, ज्यांची अडचण आहे त्यांनी ठशाचं नीट वर्णन द्यावं.

सुरुवात शिक्का ओळखण्यापासून, कारण एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरतं.

साध्या दांड्याच्या शिक्क्यात वर मूठ, खाली लाकडी ठोकळा, त्याला चिकटवलेला साधारण ३ मिमी स्पंज आणि स्पंजावर रबर. जुन्या पद्धतीत साच्यावर कच्चं रबर ठेवून गरम प्रेसमध्ये सुमारे १५० अंश सेल्सिअसला आठ-दहा मिनिटं शिजवतात. आता बहुतेक दुकानांत तयार रबराच्या २.३ मिमी जाडीच्या शीटवर लेझरने मजकूर कोरतात. पारदर्शक किंवा पिवळसर दिसत असेल तर तो पॉलिमर. बरेच दुकानदार त्यालाच नायलॉनचा शिक्का म्हणतात. प्लॅस्टिकच्या सांगाड्यात पॅड असतं आणि दाबल्यावर रबर उलटून खाली येतं तो सेल्फ-इंक. पॅडच नाही, तळ सपाट आणि शाई पोटात, तो फ्लॅश किंवा प्री-इंक. शंका असेल तर बोट फिरवून बघा. उठावाची अक्षरं बोटाला लागली नाहीत तर तो फ्लॅश.

आता ठसा. काचेच्या किंवा सनमायकाच्या टेबलावर दहा-बारा कागदांची चवड ठेवा. शाई एकदाच लावून लागोपाठ चार ठसे मारा आणि तिसरा-चौथा बघा, कारण पहिल्यात जास्तीची शाई दोष झाकते. मग शिक्का उलट दिशेने धरून पुन्हा चार मारा. पुसट भाग शिक्क्याबरोबर फिरला तर दोष शिक्क्यात आहे. कागदावर त्याच बाजूला राहिला तर दोष हाताच्या दाबात किंवा टेबलात. ही चाचणी केल्याशिवाय रबराला हात लावू नये.

कार्यवाह_बी_विंग

चांगला विषय. आमचा गृहनिर्माण संस्थेचा शिक्का सेल्फ-इंक आहे, ट्रोडॅट प्रिंटी ४९१२. पॅड नवीन घातलं तरी डावीकडची तीन-चार अक्षरं पुसट. वर दिलेली चाचणी केली, पुसट भाग शिक्क्याबरोबर फिरतो. नवीन करावा का?

शाईदौत

इतक्यात नको. सेल्फ-इंकमध्ये एकच बाजू पुसट असेल तर तीन ठिकाणी बघायचं, याच क्रमाने.

आधी पॅड. शिक्का अर्धवट दाबा आणि बाजूची बटणं आत ढकला, म्हणजे तो मधल्या स्थितीत अडकून राहतो. पॅडची पेटी बाजूने ढकलून बाहेर काढा आणि तिच्याकडे नीट बघा. रबर रोज पॅडवर टेकून बसलेलं असतं, त्यामुळे पॅडवर अक्षरांचे दाब उमटलेले दिसतात. डावीकडे दाब दिसत नसेल तर तिथे रबर पॅडला टेकतच नाहीये. पेटी खाचेत पूर्ण न बसल्यामुळे असं सगळ्यात जास्त होतं. शेवटचा मिलिमीटर 'टक्' आवाज येईपर्यंत ढकलावा लागतो.

पॅडवर दाब दिसतोय, पण ठशात अक्षरं नाहीत? मग त्या अक्षरांवर वाळलेल्या शाईचा आणि कागदाच्या भुशाचा थर आहे. अशा अक्षराला ओली शाई धरत नाही. रबर धुवा.

दोन्ही ठीक असेल तर रबर आणि प्लॅस्टिकची पट्टी यांच्यामधली दुहेरी चिकटपट्टी त्या टोकाला दबली किंवा सुटली आहे. ब्लेडने रबर सावकाश उचला, जुनी पट्टी पूर्ण काढा, प्लॅस्टिक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि त्याच जाडीची नवी पट्टी लावा. जाडी महत्त्वाची. जाड फोमची पट्टी लावली तर रबर पॅडमध्ये रुतेल आणि उलटताना अडकेल.

आणि हे सगळं करूनही जमलं नाही तर नवीन शिक्का नव्हे, फक्त नवीन रबर करून घ्या. ४९१२ चं माप ४७ × १८ मिमी. दुकानदाराला सांगाडा दाखवून "फक्त रबर बदलून द्या" म्हणा.

पॅड घेताना मागचा नंबर बघा, यासाठी ६/४९१२ लागतं. कोलॉप कंपनीच्या 'प्रिंटर ३०' या शिक्क्याचा ठसाही ४७ × १८ चाच असतो, पण त्याचं पॅड ई/३० वेगळं. माप सारखं म्हणून एकाचं दुसऱ्यात घालू नये.

मूठ_ठोकळा

एक भर. सेल्फ-इंक जड चालायला लागला की लोक शिलाई मशीनचं तेल सोडतात. कृपया नको. रबराच्या पट्टीला दोन्ही बाजूंना छोटे खुंट असतात, ते सांगाड्याच्या खाचांतून फिरतात आणि त्यामुळेच रबर उलटतं. तिथे सोडलेलं तेल ओघळून पॅडवर आणि रबरावर येतं. पॅडची शाई पाण्या-ग्लायकॉलची (ग्लायकॉल म्हणजे ग्लिसरीनसारखा दाट द्रव), ती तेलात मिसळत नाही, म्हणून ठशात गोल पांढरे ठिपके पडतात. रबर तेलाने फुगतं ते वेगळंच. खाचा फक्त कान कोरायच्या काडीने कोरड्या पुसा. फारच अडकत असेल तर मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा, ते कोरडंच वंगण आहे.

दापोलीकर

पावसाळ्यातली अडचण. शाई फुटते, ठसा वाळत नाही, पान उलटलं की समोरच्या पानावर उमटतो. पॅडमध्ये मार्चनंतर शाई घातलेली नाही, तरी ओलं चिंब. पॅड खराब झालं का?

शाईदौत

दापोलीकर, पॅड ठणठणीत आहे. स्टॅम्प पॅडची शाई पटकन वाळू नये म्हणून तिच्यात ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल असतं आणि ते हवेतली ओल शोषतं. कोकणात जुलैमध्ये झाकण उघडं राहिलेलं पॅड शाई न घालताच ओलं होतं. शिवाय कागदही दमट असतो, मग शाई तंतूंमधून पसरते.

पॅडवर टिश्यू पेपर किंवा टीपकागद ठेवा, तळहाताने दहा सेकंद हलकेच दाबा, उचला. दोन-तीन वेळा. झाकण फक्त शिक्का मारायच्या वेळी उघडा. जून ते सप्टेंबर पॅडमध्ये शाई घालायचीच झाली तर नेहमीच्या निम्मी. हेअर ड्रायर किंवा दिव्याची ऊब देऊ नका, वरचं कापड कडक होतं आणि खालचा थर ओलाच राहतो.

नागपुरी_ऊन

आमच्याकडे नेमकं उलट. एप्रिल-मेमध्ये कूलरसमोरचं पॅड आठवड्यात कोरडं पडतं. मेडिकलमधलं साधं ग्लिसरीन चार थेंब टाकलं की पुन्हा चालू होतं. शाई विकत घेण्यापेक्षा स्वस्त आणि सोपं.

शाईदौत

इथे मी थोडा विरोध नोंदवतो. पॅडमध्ये रंग शिल्लक आहे आणि फक्त ओल गेली आहे, तेव्हा ग्लिसरीन चालतं. ते ओळखायचं कसं? ओलसर बोट पॅडवर दाबा. बोट गडद जांभळं झालं तर रंग आहे. फिकं झालं तर रंग संपलाय, तिथे ग्लिसरीनने फक्त चिकटपणा वाढेल आणि ठसा तासन्‌तास वाळणार नाही. ११० × ७० मिमीच्या नेहमीच्या पॅडला पाच थेंबांपुढे जाऊ नये. सेल्फ-इंकच्या छोट्या पॅडला ग्लिसरीन नकोच, तिथे त्याच कंपनीची शाई पाच-सहा थेंब पुरते.

नागपुरी_ऊन

मान्य, पण विदर्भातल्या उन्हाळ्यात वाळायची चिंता नसते हो. आमच्या हवेला पाच थेंब कमीच पडतात. सेल्फ-इंकचं मात्र तुमचं बरोबर.

आणखी एक सांगायला हवं: पॅडमध्ये पाणी घालू नका. पाण्याने एक दिवस पॅड चालतं. मग पाणी उडून जातं, रंग एका बाजूला गोळा होतो, डबी पत्र्याची असेल तर गंजते आणि बंद डबीत बुरशी धरते. सॅनिटायझरही नको. त्यातलं अल्कोहोल उडतं आणि जेल कापडात साचून राहतं.

शाईदौत

पाणी आणि सॅनिटायझरबद्दल शंभर टक्के सहमत.

शाई घालायची पद्धतही सांगतो, कारण बहुतेक जण मधोमध धार सोडतात. मोठ्या पॅडला एका वेळी २० ते ३० थेंब, म्हणजे जेमतेम सव्वा मिली. कडेपासून सुरू करून आडव्या ओळींत थेंब सोडा, बाटलीच्या चपट्या तोंडाने पसरवा आणि पॅड झाकून किमान अर्धा तास ठेवा. शाई लगेच वर दिसते तशी राहत नाही, ती खालच्या फेल्टमध्ये उतरते. लगेच ठसा मारून "अजून कमीच आहे" म्हणत पुन्हा ओतली की दुसऱ्या दिवशी पॅड तुडुंब.

मूठ_ठोकळा

रबर धुण्याबद्दल सविस्तर लिहितो, निम्मे शिक्के इथेच मरतात.

पाव कप कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचे दोन थेंब. मऊ, जुना टूथब्रश त्यात बुडवून झटका. शिक्का तोंड खाली करून धरा, म्हणजे पाणी स्पंजाकडे जात नाही, आणि गोल गोल घासा. मग साध्या पाण्याच्या ब्रशने दोनदा, सुती फडक्यावर टिपा, सावलीत तासभर वाळवा. शिक्का वाटीत बुडवून ठेवायचा नाही. ठोकळ्याचं लाकूड पाणी पितं, वाळताना वाकतं, आणि वाकलेल्या ठोकळ्याचा शिक्का मधे उमटतो तर कडांना नाही, किंवा कडांना उमटतो तर मधे नाही. स्पंजात शिरलेलं पाणी गोंद सोडवतं.

अक्षरांच्या पोटात घट्ट बसलेला मळ ब्रशने निघत नाही. तिथे मुलांची खेळायची क्ले घ्या, सपाट गोळा करा, शिक्का त्यावर सरळ दाबा आणि सरळ उचला. जागा बदलून पाच-सहा वेळा. मळ क्लेला चिकटून येतो. नंतर साबणाच्या ब्रशने पुसायला विसरू नका, क्लेचा तेलकटपणा राहतो. टाचणीने अक्षरं कोरू नका. रबराला गेलेला चरा पुढच्या प्रत्येक ठशात दिसतो.

रॉकेल, पेट्रोल, थिनर कधीच नाही. रबर त्यात फुगतं, अक्षरं जाड होतात, काही दिवसांनी आकसताना वेडीवाकडी होतात. नेलपॉलिश रिमूव्हरने प्लॅस्टिकचा सांगाडा विरघळतो. स्पिरिट साध्या रबरावर काडीने झटपट पुसायला चालेल. पॉलिमरवर नाही, आणि पारदर्शक अ‍ॅक्रिलिक मुठीवर तर मुळीच नाही, तिला बारीक तडे जातात.

शाळेचं_दप्तर

शाळेच्या जुन्या गोल शिक्क्याचं रबर एका बाजूने सुटलंय. फेविक्विकने चिकटवलं, आठ दिवसांत पुन्हा सुटलं आणि आता तो भाग कडक झालाय. काय करता येईल?

मूठ_ठोकळा

फेविक्विक वाळल्यावर काचेइतकं कडक होतं, स्पंज मात्र प्रत्येक ठशाला दबतो आणि वर येतो. कडक थर त्या हालचालीत तडकणारच. साधं फेविकॉलही रबराला धरत नाही.

असं करा. रबर पूर्ण सोडवा. एक बाजू धरून ओढू नका, ब्लेड सपाट ठेवून स्पंजाच्या बाजूने कापत चला. फेविक्विक लागलेला स्पंज गेला असं समजा, पूर्ण खरवडून नवा लावा, ३ मिमी, बारीक छिद्रांचा. रबराची मागची बाजू १२० नंबरच्या पॉलिश पेपरने मंद घासून मॅट करा आणि स्पिरिटने पुसा. मग सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन किंवा फेविबॉंड. रबराला आणि स्पंजाला, दोन्हीकडे अगदी पातळ हात. लगेच चिकटवू नका! सात ते दहा मिनिटं थांबा. बोटाला चिकट लागतं पण बोटावर येत नाही, अशी वेळ आली की एका कडेपासून टेकवत न्या, हवा अडकू देऊ नका. एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून ठोकळ्यावर पेन्सिलीने मध्यरेषा आधीच आखून ठेवा. वर कोरा कागद, त्यावर एखादी जाड वही, रात्रभर.

फार मोठं वजन नको, स्पंज कायमचा दबतो.

पॉलिमर असेल तर वरचं सगळं बाद. सोल्युशनमधल्या द्रावकाने पॉलिमर फुगतो. त्याला फक्त पातळ दुहेरी चिकटपट्टी.

आणि मूठ ठोकळ्यातून हलत असेल तर तिथे मात्र फेविकॉलच योग्य. लाकडाला लाकूड आहे. भोक मोठं झालं असेल तर आगकाडी फेविकॉलमध्ये बुडवून सोबत ठोका.

खिळेजुळारी

मराठी मजकुराच्या शिक्क्यांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण इंग्रजी शिक्क्यांचे नियम इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. नीट पाहिलं तर मराठी शिक्क्याचा निम्मा बिघाड तो बनतानाच आत आलेला असतो.

शिरोरेखा ही शिक्क्यावरची सगळ्यात लांब सलग भिंत. ठोकळा अर्धा मिमी जरी वाकला तरी आधी शिरोरेखेतच कळतं, ती मधे तुटक दिसते. म्हणून मराठी शिक्क्याचा ठसा वाचताना आधी शिरोरेखेवरून डावीकडून उजवीकडे नजर फिरवा. पातळ कुठे होते, जाड कुठे होते ते बघा. तोच दाबाचा नकाशा.

याच्या उलट अनुस्वार. एकटा ठिपका, आजूबाजूला आधार नाही. सगळा दाब त्याच्यावर एकवटतो, त्यामुळे तो जाड आणि पसरट उमटतो. रोज तिरका दाब आला तर वाकतो आणि शेवटी तुटतो. लेझरने कोरताना अक्षराच्या भिंतीला खाली रुंद होत जाणारा उतार ठेवायची सोय मशीनमध्ये असते. घाईच्या कामात तो उतार कमी ठेवला की अनुस्वार, नुक्ता, विसर्ग बारीक काडीवर उभे राहतात. नवीन शिक्का हातात आला की भिंगातून अनुस्वाराचा पायथा बघा. पायथा माथ्यापेक्षा रुंद हवा. "संस्था", "ग्रामपंचायत", "मुंबई" यांतला अनुस्वार गेला की शिक्का कागदोपत्री वापरण्यालायक राहत नाही, आणि तुटलेला ठिपका चिकटवून टिकत नाही. नवं रबर हाच उपाय.

भरून येणारी अक्षरं ठरलेली: ध, भ, थ, क्ष, श्र, ष, आणि "कृ"चा खालचा भाग. मात्रा-वेलांट्या सोडून मूळ अक्षराची उंची २ मिमीच्या खाली गेली की यांची पोटं शाईने बुजणार, कितीही धुतलं तरी. ४७ × १८ मध्ये इंग्रजीच्या पाच ओळी बसवतात. मराठीच्या तीन नीट, चार ओढाताणीने. चौथी ओळ टाकली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढतो. मजकूर जास्त असेल तर ५८ × २२ चा ट्रोडॅट ४९१३ घ्या, अक्षर लहान करू नका. फार ठळक फॉन्टही नको, मध्यम जाडीचा घ्या.

आणि प्रूफ, म्हणजे कोरण्याआधी तपासायचा नमुना. जुन्या कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) युनिकोड मराठी पेस्ट केलं की जोडाक्षरं फुटतात, म्हणून दुकानात श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये मजकूर पुन्हा टाइप होतो. चुका तिथे शिरतात: "कार्याध्यक्ष"मधला रफार सरकतो, "श्र"चा "श" होतो. स्क्रीनवर न बघता कागदावर छापून, प्रत्यक्ष मापात, एकेक अक्षर तपासा. मंजूर झाल्यावर ती फाइल मागून घ्या, अक्षरांचं रेषांत रूपांतर केलेली. पुढे रबर बदलायचं झालं तर त्याच फाइलवरून करता येतं, ठशात फरक पडत नाही.

शाईदौत

खिळेजुळारी, फार उपयोगी. शिरोरेखेवरून दाब वाचायची पद्धत सगळ्यांनी लक्षात ठेवावी.

यालाच जोडून. रबराच्या कडेची रेघ किंवा कोपरा ठशात उमटत असेल तर अक्षरांभोवतीचं जादा रबर कापलेलं नाही. धारदार ब्लेडने कापा, पण उतार बाहेरच्या बाजूला ठेवून. आतल्या बाजूला खोल कापलं तर कडेच्या अक्षराखालचा आधार जातो.

वकिली_टेबल

नोटरीच्या गोल शिक्क्याबद्दल कोणी सांगेल का? नोटरी नियम १९५६ प्रमाणे तो ५ सेंमी व्यासाचा असावा लागतो, त्यामुळे माप कमी करता येत नाही. कड उमटते तेव्हा मधलं पुसट, मधलं उमटतं तेव्हा कड दुहेरी.

मूठ_ठोकळा

वकीलसाहेब, ५ सेंमीच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ जवळजवळ २० चौरस सेंमी. छोट्या आयताकृती शिक्क्याइतकाच जोर लावला तर दर चौरस सेंमीला तो निम्म्याहून कमी पडतो. म्हणून लोक शिक्का चारी बाजूंना डोलवतात आणि कड दुहेरी होते. डोलवणं बंद करा. खाली २-३ मिमीची मऊ रबरी शीट किंवा माउसपॅड ठेवा, कोपर शिक्क्याच्या बरोबर वर आणा, एकदाच सरळ दाबा, क्षणभर थांबा, सरळ उचला.

त्यानंतरही मधलं पुसट राहिलं तर पॅकिंग द्यायचं. रबर स्पंजासकट सोडवून ठोकळ्यावर मधोमध ३ सेंमी व्यासाचा साधा कागद चिकटवा, त्यावर २ सेंमीचा दुसरा. पायरी कमी होत जावी. मग पुन्हा चिकटवा. दोन कागदांत फरक दिसतो, तिसऱ्याची क्वचित गरज पडते.

पॉलिमरवाली_ताई

पॉलिमरचा शिक्का चिकट झालाय, कागद उचलून येतो. पावडर लावली की दोन दिवस बरा.

शाईदौत

ताई, पावडर अक्षरांत बसते, ती थांबवा. नवीन पॉलिमर चिकट असेल तर तो अतिनील प्रकाशात पुरेसा पक्का झालेला नाही. हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचा वरचा थर अर्धकच्चा राहतो. साबणाच्या पाण्याने धुवा, ठोकळ्यावरून सोडवा, काचेच्या भांड्यात पाण्याखाली बुडवून दुपारच्या कडक उन्हात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. पाण्याखाली असल्याने हवा लागत नाही आणि वरचा थर पक्का होतो. जास्त वेळ नको, पॉलिमर ठिसूळ होतो. काढून टिपून सावलीत वाळवा.

पण जुना, पूर्वी व्यवस्थित चालणारा शिक्का आता चिकट झाला असेल तर त्याला तेलाची किंवा द्रावकाची शाई लागली आहे. तो परत येत नाही.

नोंदवही

शाई बदलण्याची चूक सगळ्यात महाग पडते, म्हणून ठळक लिहा असं वाटतं. कार्यालयात चार प्रकारच्या बाटल्या एकाच कपाटात असतात. साध्या पॅडची जांभळी. नंबरिंग मशीनची तेलाची. ती धातूच्या आकड्यांसाठी असते, रबराला लागली तर रबर फुगतं. फ्लॅश शिक्क्याची, तीही तेलाची. आणि प्लॅस्टिक-पॉलिथिनवर मारायची झटपट वाळणारी, तिच्यात जोरकस द्रावक असतो. बाटलीवर मार्करने "फक्त पॅड", "फक्त नंबरिंग", "फक्त फ्लॅश" असं लिहून ठेवा. फ्लॅशमध्ये साधी शाई घातली की छिद्रं बंद, आणि ती पुन्हा उघडत नाहीत.

जांभळ्या शाईचा रंग उन्हात उडतो, हेही लक्षात असू द्या. भिंतीवर फ्रेम लावायच्या प्रमाणपत्रावर किंवा कायम जतन करायच्या दप्तरावर पिगमेंटची (न विरघळणाऱ्या रंगकणांची) काळी घ्या.

फ्लॅश_की_सेल्फ

फ्लॅशबद्दल सविस्तर सांगा ना. आमच्या शिक्क्यात मजकुराभोवती शाईचे ठिपके उमटायला लागलेत.

शाईदौत

फ्लॅशचा तळ म्हणजे बारीक छिद्रांचा फोम. झेनॉनच्या दिव्याचा झोत पडला की मजकूर सोडून बाकीचा पृष्ठभाग वितळून बंद होतो; अक्षरांची छिद्रं उघडी राहतात, शाई तेवढ्यातूनच येते. तो बंद पापुद्रा अगदी पातळ. ब्रश, खरबरीत फडकं किंवा नख लागलं की फाटतो आणि तिथून शाई येते. तुमचे ठिपके तेच आहेत. दुरुस्ती नाही, पण सांगाडा तसाच ठेवून फोम नवा करून मिळतो.

साफ करायचा तर कोऱ्या कागदावर चार वेळा दाबा, बस्स. शाई भरताना मूठ काढून मागच्या भोकांत छोट्या शिक्क्याला ३ ते ५ थेंब, मग २४ तास ठेवा. घाई करून जास्त घातली तर अक्षरं महिनाभर पसरट येतील. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, शाई पातळ होऊन टोपणात उतरते.

दापोलीकर

टीपकागदाचा उपाय चालला, आभारी आहे. तारखेच्या शिक्क्याचं विचारायचं राहिलं. आकडे अर्धवट दिसतात, आणि ११ तारखेतला एक एक वर गेलेला.

मूठ_ठोकळा

चाक खाचेत बसलेलं नाही. चाक थोडं पुढे नेऊन मागे आणा, खाचेत बसल्याचं बोटाला जाणवतं. सेल्फ-इंक तारखेचा असेल तर पट्टे नेहमी मधल्या स्थितीत अडकवूनच फिरवायचे. आकडे पॅडवर टेकलेले असताना फिरवले की पट्टे ताणतात आणि पॅडचं कापड फाटतं. बॉलपेनच्या टोकाने आकडे ढकलू नका, लाकडी काडी घ्या.

वर्षाच्या पट्ट्यावर साधारण बारा वर्षंच असतात. शिक्का घेताना शेवटचं वर्ष बघून घ्या; दुकानात पडून राहिलेला माल असेल तर त्यातली काही वर्षं आधीच गेलेली असतात. तडे गेलेल्या पट्ट्याची दुरुस्ती होत नाही.

नोंदवही

शिक्का किंवा रबर बदललं की दप्तरी काम विसरू नये. सहकारी संस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३६ प्रमाणे सामायिक मुद्रा (कॉमन सील, म्हणजे संस्थेचा अधिकृत शिक्का) असते. कंपन्यांना २०१५ च्या दुरुस्तीनंतर ती ऐच्छिक झाली. कोणतीही संस्था असो, नव्या शिक्क्याचा पहिला स्वच्छ ठसा नोंदवहीत घ्या, तारीख, कुणाच्या ताब्यात, जुन्याचं काय केलं ते लिहा. जुनं रबर कात्रीने आडवं-उभं कापून, दोन साक्षीदारांसमोर. कचऱ्यात अखंड टाकू नये. बनावट दस्तऐवजाच्या हेतूने खोटा शिक्का करणं किंवा बाळगणं यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३४१ आहे. कचऱ्यातला खरा शिक्का तर असल्या माणसाला आयताच सापडतो. शासकीय किंवा संस्थेचा शिक्का करायला गेल्यावर दुकानदार लेटरहेडवर पत्र मागतो तेही याचसाठी. पत्र घेऊनच जा.

शाळेचं_दप्तर

नवा स्पंज आणि सोल्युशन लावून रबर पक्कं बसलं. पण रबर कडक आणि चकचकीत झालंय, शाईचे मणी होतात, पसरत नाही. ग्लिसरीन चोळू का?

मूठ_ठोकळा

चोळून दिसायला बरं होईल, रबर मऊ होणार नाही. ऊन आणि हवेने वरचा थर कडक झाला आहे, तो घासून काढता येतो. मात्र साच्यात शिजवलेलं, खोल अक्षरांचं जुनं रबर असेल तरच.

सपाट काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, घासायची बाजू वर. त्यावर पाण्याचे चार थेंब. शिक्का उभा धरा, जवळजवळ फक्त शिक्क्याच्या वजनाने छोटी वर्तुळं काढा, पाच-सहा. धुवा, टिपा, ठसा मारून बघा. चकाकी गेली आणि शाई सलग बसली की थांबा. लागलंच तर आणखी पाच वर्तुळं, त्यापुढे नाही. लेझरच्या रबरावर हे करू नका. त्याच्या भिंतींना उतार असतो, जितकं घासाल तितकी अक्षरं जाड होतात आणि ध-भ बुजतात. घासताना बारीक भेगा उघड्या पडल्या तर रबर आतपर्यंत गेलंय, फाइल घेऊन नवं करायला टाका आणि हा ठोकळा-मूठ त्यांनाच द्या, त्यावरच बसवून देतील.